बेल्टांची उत्तरपूजा

मला उंचीची भीती वाटते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचे झाले तरी मी पाठ भिंतीला टेकवून घालते. आणि काम काय करते? उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्या पेंटर लोकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. हसून घ्या. आमच्या संघटनेतल्या सगळ्यांचं कधीच हसून झालंय.

पत्रक लिहायला कुठे वर चढावं लागतं? टेबलाशी बसायचं, चहा मागवायचा आणि लिहायचं: सेफ्टी बेल्टशिवाय उतरू नका. बेल्ट हा हक्क आहे, मालकाचा उपकार नव्हे. कन्नडमध्ये ही वाक्यं अशी खणखणीत वाजतात की लिहिणाऱ्याला वाटतं, अर्धं काम झालंच.

म्हैसुरात विजयनगरच्या टोकाला एक उंच इमारत आहे. खालच्या मजल्यांवर लोक राहायला आलेले, बाहेरचा रंग अजून चालू. गच्चीवरून दोर सोडायचा, दोराला फळी बांधायची, फळीवर बसून भिंतीवरून खाली खाली सरकत रंग द्यायचा. या फळीला पेंटर लोक झुला म्हणतात. असल्या गोष्टीला इतकं लाडाचं नाव कुणी दिलं कोण जाणे.

तिथे एकाचा झुला सटकला. दोर एका बाजूने घसरला, फळी तिरकी झाली आणि माणूस खिडकीच्या ग्रिलला एका हाताने धरून लोंबकळत राहिला. आतल्या बाईने खिडकी उघडून त्याची कॉलर धरली, म्हणून वाचला. बेल्ट होता त्याच्या अंगावर. बेल्टचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.

सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "बेल्ट दिलेत मॅडम. हे लोक बांधत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

झालं. कामगाराचीच चूक. नेहमी त्याचीच असते. मी तडक पत्रकांचा गठ्ठा घेऊन साइटवर गेले. घाई होती, कारण पुढच्या आठवड्यात पश्चिमेची भिंत सुरू होणार होती. त्या बाजूला खिडक्या नाहीत, ग्रिल नाही, सरळसोट भिंत. त्यात आषाढातला वारा. तिथे झुला सटकला तर धरायला काही नव्हतं.

पेंटरांच्या मेस्त्रीने माझं पत्रक सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या घोषणेला एकाने टाळीसुद्धा वाजवली. मग मेस्त्रीने त्याची नीट घडी घातली.

"छान लिहिलंय मेडम. बेल्ट बांधा म्हणता. कशाला बांधायचा?"

"म्हणजे? वर काहीतरी असेलच ना बांधायला."

"असेल?" तो बाकीच्यांकडे बघून हसला. "असेल म्हणतायत. मेले बन्नी मेडम, वर या. दाखवा आम्हाला."

त्या हसण्याचा मला राग आला. पण खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा बिनतोड होता आणि राग जास्त त्याचाच होता. मी म्हटलं, चला.

सामान वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये माणसांना बंदी. मी जिना चढले. जिन्याला कठडा अजून बसवायचा होता, म्हणून आतल्या भिंतीला खांदा घासत चढले. गच्चीचं दार ढकललं आणि समोर नुसतं आकाश आलं. त्याला कड नव्हती. लांबवर चामुंडी टेकडी होती आणि ती माझ्या डोळ्यांच्या रेषेत होती, हे मला अजिबात आवडलं नाही. मी हातापायांवर खाली आले.

"मेडम दंडवत घालतायत!" मागून कुणीतरी म्हणालं.

"पूजा सुरू झाली की प्रसाद पण द्या मेडम!"

मी डोळे घट्ट मिटले.

"मिटू नका," मेस्त्री शेजारी उकिडवा बसून म्हणाला. आता हसत नव्हता. "मिटले की इमारत डुलते. एक हात जमिनीवर ठेवा. त्या हाताकडे बघा. मग दुसरा हात पुढे."

मी माझे हात बघत रांगत गेले. नखात सिमेंट गेलं. कठड्यापाशी पोचून मान वर केली तेव्हा झुल्यांचे दोर कशाला बांधलेत ते दिसलं. सोलरच्या स्टँडला. पाणी तापवायचा सोलर, त्याच्या पत्र्याच्या पायांना. ते पाय गच्चीत नुसते स्क्रूने बसवलेले. एका दोराने तर पाय ओढून थोडा वाकवलाही होता. बेल्ट बांधायला यापेक्षा वेगळी जागा म्हणजे पाण्याचा प्लॅस्टिक पाइप.

"आता सांगा," मेस्त्री म्हणाला. "कशाला बांधू?"

माझ्याजवळ घोषणा होत्या.

मग मला बेल्ट दिसले. सोलरच्या सावलीत ओळीने ठेवलेले. प्रत्येकावर हळदीकुंकवाचे वाळलेले ठिपके. मागच्या दसऱ्याला आयुधपूजेत ब्रशांबरोबर, दोरांबरोबर त्यांची पूजा झाली होती. म्हैसुरात त्या दिवशी स्कूटरपासून स्टेपलरपर्यंत कशाचीही पूजा होते, बेल्टची झाली यात नवल नाही. नवल दुसरंच होतं. जवळजवळ प्रत्येक बेल्ट कुठे ना कुठे विरला होता आणि तिथे जोड देऊन शिवला होता. चौकोनी शिवण, आत फुली, टोकाला दोरा मागे वळवून गाठ आत दडवलेली. दोरा केशरी.

ती शिवण मी लहानपणापासून बघत आले आहे. माझ्या शाळेच्या दप्तराला होती. आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिराच्या पताकांना आहे. तो केशरी दोरा पताकांतून उरलेला होता.

"हे कुणी शिवले?"

"मंडी मोहल्ल्यात एक मराठी टेलर आहेत. देवमाणूस. आम्ही घेऊन जातो, ते शिवून देतात."

ते देवमाणूस म्हणजे माझे आप्पा.

मी उतरताना सुपरवायझरला गाठलं. नवे बेल्ट द्या आणि दोर बांधायला काँक्रीटमध्ये हुक बसवा, असं बजावलं. तो म्हणाला, हुकांचं बघू, पण जुने बेल्ट असताना नवे कसे मागू मी वरती? फाटलेत कुठे? शिवलेत की व्यवस्थित.

व्यवस्थित! माझ्या बापाच्या हातची शिवण त्याच्या बाजूने साक्ष देत होती.

घरी गेलेच नाही, थेट दुकानात गेले. आप्पा मशीनवर होते. देवाचा नवा अंगरखा शिवत होते.

"काय गं, ऊट झालं का? जेवलीस का? चेहरा का असा?"

"आप्पा, पेंटर लोकांचे बेल्ट तुम्ही शिवता?"

"हौदु. शिवतो की." त्यांचा पाय चालूच होता. "बिचारे, जिवावरचं काम त्यांचं. सेवा म्हणून शिवतो, आणखी काय."

"ते तुटतील."

मशीन थांबलं. "माझी शिवण?"

"शिवण नाही, पट्टा. असा बेल्ट शिवायचाच नसतो आप्पा. विरला की टाकायचा. जितके टाके घालाल तितकी भोकं पडतात त्यात."

"तू सुम्ने, गपगुमान तुझी पत्रकं लिही. शिवण मला शिकवू नको. चाळीस वर्षं एक टाका सुटला नाही माझा."

"तुम्हीच ओरडता ना शिकाऊ पोरींना? एकाच जागी दहादा सुई घातली की कापडाची जाळी होते म्हणून?"

"ते मलमलीला गं! हा केवढा जाड पट्टा."

"जाड आहे, पण वर्षभर उन्हात भाजलाय. आणि त्यावर माणूस पडणार आहे, आप्पा. अलगद टेकणार नाही. पडणार आहे."

आप्पांनी अंगरखा बाजूला ठेवला. मग उठले. एक बेल्ट दुरुस्तीला आलेला होता, तो नेहमीसारखा शिवला, चौकोन, फुली, गाठ. घाई केली नाही. कमी कस लावून मुलीला खरं ठरवणारा माणूस नव्हे तो. माळ्याच्या लोखंडी तुळईला एक टोक बांधलं, दुसऱ्या टोकाला अस्तराच्या कापडाचा भला मोठा गठ्ठा, आणि तो माळ्यावरून खाली ढकलून दिला.

फाटकन आवाज झाला. गठ्ठा खाली पडून कलंडला. लोंबणाऱ्या टोकाला आप्पांची शिवण जशीच्या तशी होती, एकही टाका उसवलेला नव्हता. पट्टा शिवणीच्या कडेने फाटला होता, बसचं तिकीट फाडावं तसा सरळ.

आप्पांनी चष्मा वर करून शिवणीवर अंगठा फिरवला.

"सुटली नाही," ते म्हणाले.

"नाही आप्पा. सुटली नाही."

ते खाली बसले. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिले. मग विचारलं, "आता सगळे हेच घालून उतरणार?"

"हो. आणि फेका म्हटलं तर ऐकत नाहीत. पुजलेलं आयुध आहे म्हणतात. मी विचारलं, कुंकू लावल्यानं नायलॉन घट्ट होतं का? तर मेस्त्रीने तोंडच फिरवलं."

"फिरवणारच. असं बोलतात का?" आप्पा पहिल्यांदा चिडले. "त्यांना ठाऊक आहे गं तो विरलाय ते. नाहीतर माझ्याकडे आणला असता का? पुजलेली वस्तू कचऱ्यात टाकवत नाही माणसाला. देवाचे जुने अंगरखे टाकतो का आपण? गणपती तसाच नेऊन बुडवतो का?"

"मग?"

"आधी उत्तरपूजा करतो. अल्वा, हो की नाही?"

मला देवाधर्मातलं फार पटत नाही आणि ते आप्पांना माहीत आहे. पण उत्तरपूजा घरात दरवर्षी बघितलेली. अक्षता टाकायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. तेवढ्याने देव निघून जातात आणि माती उरते. मग मातीचं काय करायचं ते करा. मी पानंच्या पानं पत्रकं लिहिली, पण हे मला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आंघोळ करून, टोपी घालून माझ्या स्कूटरवर मागे बसले. एका हातात अक्षतांची वाटी, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कापडाची मोठी कात्री. तिने घरात कुणी कागद कापला तरी ते जेवण सोडायचे.

साइटवर वाळूच्या ढिगाशेजारी त्यांनी धुतलेलं धोतर अंथरलं आणि पेंटर लोकांना त्यांच्याच कन्नडमध्ये सांगितलं. बेल्ट मी शिवले, शिवायला नको होते, काल माझ्यासमोर एक फाटला. शिवण राहिली, पट्टा गेला. या वस्तूंनी तुमची सेवा केली. आता त्यांना रजा देऊ.

कुणी हललं नाही. काम बुडायची भीती सगळ्यांच्या तोंडावर स्पष्ट होती आणि ती भीती काही वेडी नव्हती. शेवटी ग्रिलला लोंबकळलेला तो माणूस पुढे आला, बेल्ट काढून धोतरावर ठेवला आणि म्हणाला, "माझ्यापासून सुरू करा अण्णा." मग मेस्त्रीने ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी.

आप्पांनी अक्षता टाकल्या. प्रत्येक बेल्ट बोटभर सरकवला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, उगाच कशाला खोटं बोलू. मग फडकं सोडून कात्री काढली आणि पहिला बेल्ट बरोबर आपल्या शिवणीवर कापला.

सुपरवायझर धावत आला. "ए! कंपनीचा माल आहे तो!"

"देव गेले साहेब," आप्पा मान वर न करता म्हणाले. "आता हा कचरा. हवा तर घेऊन जा."

आता बेल्ट नव्हतेच. जुने आहेत, हे बोलायची सोय संपली. बेल्टशिवाय उतरणार नाही म्हणून सगळे वाळूपाशी बसले. सुपरवायझरने दुसरी टोळी आणतो म्हणून दम दिला आणि आणलीसुद्धा. त्यांच्या मेस्त्रीने धोतरावरचा एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला, आमच्या मेस्त्रीशी दोन शब्द बोलला, आमच्यातला चहा प्याला आणि आपली माणसं टेम्पोत घालून परत गेला. ज्यांना ही गोष्ट छोटी वाटते त्यांनी कधीतरी हातचं काम सोडून परत जाऊन बघावं.

पश्चिमेची भिंत तशीच उघडी राहिली. वरून फोनवर फोन आले. मग नवे बेल्ट आले. गच्चीवरच्या काँक्रीटच्या कॉलमांत बोल्ट ठोकून हुक बसले, वाळूची पोती लटकवून आमच्यासमोर तपासले. मी तोवर गच्चीवर उभी राहू शकत होते. कठड्यापासून लांब, दाराची चौकट धरून, पण उभी.

"झालं समाधान?" सुपरवायझर म्हणाला. "उतरा आता. की आधी मॅडम उतरणार? पत्रकात लिहायला बरं."

त्याची माणसं हसली. पेंटर हसले नाहीत. मी म्हटलं, "हो. मी उतरते."

मेस्त्रीने माझ्याकडे नीट बघितलं. "गरज नाही अक्का," तो हळूच म्हणाला. मेडमची अक्का कधी झाले, कळलं नाही.

"माहीत आहे. बेल्ट कसा घालायचा ते दाखवा."

आप्पा आले होते. त्यांनी पुढे येऊन माझा बेल्ट, खांद्यावरचा, मांडीचा, प्रत्येक जोड बोटाने चाचपून बघितला आणि मागे सरले.

कठड्यावरून पाय टाकताना काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मेस्त्रीचा हात. फळीचा कडक काठ. दातावर दात आपटल्याचा आवाज, जो इतका मोठा होता की मला वाटलं सगळ्यांना ऐकू जातोय. वारा खालून वर येत होता. वारा खालून येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मला कठड्याच्या जरा खाली सोडलं आणि मी भिंतीला दोन्ही तळहात लावून बसले. फळी हलली की भिंत लांब जायची, परत यायची.

खाली बघणं शक्य नव्हतं. बाजूला बघावं तर नुसतं आकाश. भिंत नाकासमोर. राहिलं वर. मी वर बघितलं.

माझ्या डोक्यावरून दोन दोर जात होते. एक जाड, फळीचा. एक बारीक, माझ्या बेल्टचा. कठड्यावर दोन्ही एकाच जागी चढून पलीकडे गेले होते.

"मेस्त्री!" माझा आवाज चिरका निघाला. "हे दोन्ही दोर कुठे बांधलेत?"

"हुकाला."

"दोन्ही एकाच?"

मेस्त्री मागे जाऊन बघून आला असावा. "एकाच," तो म्हणाला. "यांच्या माणसाने बांधलेत. मी बघितलं नाही."

"मग हुक गेला तर फळी पण जाईल, बेल्ट पण जाईल. बेल्टचा उपयोग काय?"

सुपरवायझरचं डोकं कठड्यावर आलं. "हुक जात नाही मॅडम! पोती लटकवून बघितलीत तुमच्यासमोर."

"मग दुसरा बसवायला हरकत काय? बेल्टला वेगळा हुक. प्रत्येकाच्या."

"बसवू, बसवू. उद्या-परवा बसवू. आधीच किती खोळंबलंय! आज एवढं काम होऊ दे. या वर."

मला वर यायचं होतं. आयुष्यात दुसरं काहीच इतकं हवं नव्हतं. पण मी वर आले की माझ्या जागी तो ग्रिलवाला माणूस बसणार होता, आणि उद्या-परवा म्हणजे काय ते म्हैसुरातल्या पोराटोरालाही कळतं.

"येत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"इथेच बसते. हुक ठोका, मग येते."

"वेड लागलं का हिला? ओढा रे वर!"

"हात नाही लावायचा दोराला," मेस्त्रीचा आवाज आला. "हलवलं तर पोरगी घाबरेल."

पोरगी आधीच घाबरलेली होती. एका पायातली चप्पल निसटायला आली होती. मी तळहात भिंतीवरून काढला नाही. भिंतीवर प्रायमरचा एक ओघळ होता, तो किती वेळ बघितला असेन सांगता येत नाही. कुठल्यातरी मजल्यावरच्या लोकांना बातमी लागली असावी, खालून ओरडाआरडा ऐकू येऊ लागला, कुणीतरी फोन धरून शूटिंग करतंय असं मेस्त्री वरून मला आनंदाने कळवत होता. सुपरवायझर कुणाशीतरी फोनवर बोलत होता आणि आता "सर" म्हणत होता.

मग कठड्यावर टोपी दिसली.

"काय गं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जरा पातळ झाला होता. "आई विचारत होती, रात्री नाचणीचे मुद्दे करू की चपात्या?"

"मुद्दे," मी ओघळाकडे बघत म्हटलं.

"बरं. त्याबरोबर सारू कसलं?"

"आप्पा, मला आत्ता बोलायला लावू नका."

"बोल स्वल्प. बोलत राहा. सारू कसलं?"

"हुरळीचं."

"हुरळी भिजवायला लागते. आधी सांगायचं होतंस."

तेवढ्यात ड्रिल सुरू झालं. आवाज गच्चीवरून आला, पण भिंतीतून थरथर थेट माझ्या तळहातात उतरली आणि तिथून खांद्यापर्यंत गेली. ड्रिल थांबलं, पुन्हा सुरू झालं. हातोड्याचे ठोके पडले. माझा बारीक दोर कुणी एकदम सोडला नाही, आधी त्याला जोडून दुसरा नव्या हुकाला बांधला आणि मग पहिली गाठ काढली, हे मेस्त्री मला प्रत्येक पायरीला ओरडून सांगत होता. वर बघितलं तर कठड्यावर दोन दोरांमध्ये आता हातभर अंतर होतं.

"झालं!" सुपरवायझर खेकसला. "बसला दुसरा हुक. आता तरी या वर!"

"बाकीच्यांचे?"

"ठोकतोय! सगळ्यांचे ठोकतोय! या!"

ओठ सुकून एकमेकांना चिकटले होते. ते मी जिभेने सोडवले.

"ठोका," मी म्हटलं. "आणि पोती लटकवून दाखवा. सगळ्या हुकांना."